गवळाऊच्या रक्तातलं आरएनए: जानेवारी ते जून २०२५ च्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रोजेक्टचा विषय आज फायनल झाला. एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीचं शेवटचं सेमिस्टर आहे, बाकीच्या पोरींनी बहुतेक झाडपाल्याचा अर्क आणि बॅक्टेरिया असे विषय घेतले, मला आरएनएवरच करायचं होतं आणि तेही आपल्या गायींवर. सर म्हणाले दोन भाग कर. पहिला, गवळाऊ गायीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून आरएनए काढायचं आणि उष्णतेत एचएसपी-७० (उष्णतेत पेशीतली प्रोटीनं सांभाळणारं प्रोटीन) चं जीन किती चालतं ते मोजायचं. दुसरा, प्रोलॅक्टिन रिसेप्टर नावाच्या जीनसाठी क्रिस्परची (डीएनए ठरावीक जागी कापायची पद्धत) गाइड आरएनए, म्हणजे कुठं कापायचं ते दाखवणारी, डिझाइन करायची आणि ती ट्यूबमध्येच चालवून बघायची. गायीत काहीही सोडायचं नाही, पेशीतसुद्धा नाही, फक्त ट्यूबमध्ये. प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची मंजुरी सरांनी दिवाळीनंतरच घेऊन ठेवली होती म्हणून वेळ वाचला.

गवळाऊच का, तर आमच्या आर्वी तालुक्यात हीच गाय. पांढरी, उंच, पायानं हलकी, शंकरपटात पळणारे गोऱ्हे हिचेच. आबाजी सांगायचे की पूर्वी रात्रीतून माल घेऊन निघालेली बंडी उजाडायच्या आत वर्ध्याला टेकायची. आता गावात मोजून सात-आठ गायी उरल्या, बाकी सगळीकडे जर्सी क्रॉस नाहीतर म्हशी.

१४ जानेवारी

संक्रांतीला घरी आले होते तर तिळगूळ घेऊन काकाजींच्या कोठ्यावर गेले. त्यांच्याकडे दोन गवळाऊ आहेत, ढवळी आणि तिची मोठी कालवड. सगळं सांगितलं, पाच मिली रक्त काढू, पशुवैद्यकीय डॉक्टर स्वतः येऊन काढतील, गळ्याच्या शिरेतून, बस. काकाजी कुटाराचं टोपलं गव्हाणीत ओतत ओतत ऐकत होते. मग म्हणाले, "रगत काढल्यानं दूध तं नाई आटत ना वं पोरी?" नाही म्हटलं. मग जरा थांबून, "अन् तिले सुई टोचून जर्सी तं नाई करत ना तुम्ही लोकं?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. मी म्हटलं काकाजी, आम्ही तिच्यात काही घालत नाही, तिच्यात काय लिहिलं आहे तेवढं वाचतो. तिथंच खाली मातीत काडीनं काढून दाखवलं, हे डीएनए म्हणजे तलाठ्याच्या पेटीतला मूळ सातबारा, पेटीबाहेर येत नाही, आणि आरएनए म्हणजे त्याची काढलेली नक्कल, आज ज्या कामाला लागते त्याचीच काढतात आणि काम झालं की फाडून टाकतात. मला बघायचं आहे की उन्हाळ्यात ढवळीच्या अंगात कोणत्या नकला जास्त निघतात. काकाजींना ते लगेच पटलं, म्हणाले, "मंग मे मईन्यात ये, नवतप्यात. आता थंडीत काय दिसन?" मी म्हटलं दोन्ही वेळा येते, थंडीतलं नसेल तर उन्हाळ्यातलं कशाशी ताडून बघू. "आबाजीची नात हायेस, तुले नाई कसं म्हणू," म्हणाले. सही घेतली. संमतीपत्र मराठीत टाइप करून नेलं होतं ते बरं झालं.

२१ जानेवारी

पहिलं सँपल. सकाळी सहाला डॉक्टर आले, ढवळी, कालवड आणि शेजारच्या वाडीतल्या दोन अशा चार गायींचं रक्त घेतलं, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. हिरव्या झाकणाची हेपरिनची चालत नाही कारण हेपरिन पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) अडवतं. थर्माकोलच्या डब्यात फ्रीजमधला बर्फ भरला आणि साडेसातची एसटी धरली. तीन तासांचा रस्ता, पण मध्येच गाडी बंद पडली आणि दुसरी यायला पावणेदोन तास गेले. डबा मांडीवर घेऊन बसले होते. लॅबला पोचेपर्यंत अर्धा बर्फ पाणी.

पोचल्या पोचल्या लाल पेशी फोडल्या. सस्तन प्राण्यांच्या पिकलेल्या लाल पेशीत केंद्रक नसतं, म्हणून आपल्या कामाचं आरएनए पांढऱ्या पेशींतच, आणि त्या हजारात एखादी. म्हणजे पाच मिली रक्तातून तळाशी जो पांढुरका ठिपका उरतो तोच सगळा माल. त्यावर ट्रायझॉल (पेशी फोडून आरएनए टिकवणारं द्रव) टाकून उणे ८० अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवलं.

२३ जानेवारी

आरएनए काढलं. ट्रायझॉल, मग क्लोरोफॉर्म, जोरात हलवलं, सेंट्रिफ्यूज, आणि ट्यूबमध्ये तीन थर दिसतात, खाली गुलाबी, मध्ये पांढरा पडदा, वर नितळ पाणी. आरएनए त्या वरच्या नितळ थरात असतं आणि तो उचलताना मधला पडदा जरासुद्धा हलता कामा नये, तिथं डीएनए बसलेलं असतं. मी हात टेबलाला टेकवून, श्वास रोखून पिपेटनं थोडं थोडं घेतलं. नंतर आयसोप्रोपॅनॉल, पुन्हा सेंट्रिफ्यूज, आणि ट्यूबच्या बुडाला नखावरच्या पांढऱ्या डागाएवढी गोळी. चारही ट्यूबमध्ये दिसली. २६०/२८० रेशो (दोन तरंगलांबींवर प्रकाश किती शोषला जातो त्याचं प्रमाण) १.९ ते २.० आला, म्हणजे प्रोटीन फारसं नाही. लय आनंद झाला.

मग जेल लावला (विजेनं आरएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायला) आणि सगळं पाण्यात गेलं. चांगलं आरएनए असेल तर रायबोसोमच्या आरएनएचे २८एस आणि १८एस असे दोन ठळक पट्टे दिसतात, वरचा खालच्यापेक्षा साधारण दुप्पट उजळ. माझ्या चारही लेनमध्ये वरून खालपर्यंत नुसतं फराटे मारल्यासारखं. आरएनए तुटलेलं.

एसटीवरच राग निघाला. खोलीवर जाऊन रात्री जेवलेच नाही.

२८ जानेवारी

सरांनी एक गोष्ट सांगितली, एसटीला दोष द्यायच्या आधी एसटीशिवाय करून बघ. विद्यापीठाजवळच्या डेअरीतल्या एका गायीचं रक्त डॉक्टरांनी घेतलं, वीस मिनिटांत लॅबमध्ये, ताबडतोब ट्रायझॉल. जेलवर तरी फराटेच. म्हणजे प्रवासाचा दोष नव्हता, गडबड लॅबमध्येच होती.

पीएचडी करणाऱ्या ताईनं विचारलं जेलचा टँक कोणता वापरलास. जो सगळे वापरतात तोच. त्यात बाकीचे प्लाझमिड (बॅक्टेरियातले डीएनएचे छोटे गोल) चालवतात आणि प्लाझमिड काढताना आरएनएज-ए मुद्दाम टाकतात, आरएनए खाऊन टाकायलाच. ते आरएनएज टँकच्या भिंतीला, कंगव्याला, सगळीकडे चिकटलेलं. आणि हे एन्झाइम इतकं चिवट आहे की उकळलं तरी थंड झाल्यावर पुन्हा घडी घालून कामाला लागतं, त्याच्या अंगात चार डायसल्फाइड टाके असतात. क्रिस्टियन अ‍ॅनफिन्सेननं याच एन्झाइमवर प्रयोग करून दाखवलं की प्रोटीनची घडी कशी पडायची ते त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच असतं, १९७२ चं नोबेल त्यावर मिळालं. पुस्तकात ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण तेच एन्झाइम आपल्या टँकमध्ये बसून आपलं काम खाईल हे डोक्यात आलं नव्हतं.

आरएनए मुळातच नाजूक. त्याच्या साखरेवर दुसऱ्या कार्बनला एक ओएच जास्त असतो, डीएनएमध्ये तो नसतो, आणि तोच ओएच शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडतो. म्हणून हजारो वर्षांपूर्वीच्या हाडातून डीएनए मिळतं आणि आरएनए मात्र दुपारच्या जेवणापर्यंत टिकवायला आपल्याला धावपळ.

नवा कंगवा आणि छोटा टँक वेगळा काढला, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडनं धुतला, मग डीईपीसीच्या (आरएनएज निकामी करणाऱ्या रसायनाच्या) पाण्यानं. झाकणावर मार्करनं लिहिलं: फक्त आरएनए, हात लावू नका.

३१ जानेवारी

उणे ८० मधलं उरलेलं त्या चार गायींचंच आरएनए नव्या टँकमध्ये चालवलं. दोन पट्टे! चारही लेनमध्ये! २१ तारखेचं, पावणेदोन तास रस्त्यावर उभ्या राहिलेल्या एसटीतलं तेच सँपल. ढवळीची लेन सगळ्यात सुंदर आली. फोटो काढून वहिनीच्या मोबाइलवर पाठवला काकाजींना दाखवायला.

११ फेब्रुवारी

आरएनएवरून सीडीएनए (आरएनएची डीएनएमधली प्रत) केलं आणि रिअल टाइम पीसीआर लावली. एचएसपी-७० चा वक्र २४.८ सायकलला उठला (जितक्या लवकर उठेल तितका माल जास्त), छानच. पण नो-आरटी कंट्रोल, म्हणजे ज्या ट्यूबमध्ये रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून सीडीएनए करणारं एन्झाइम) घातलंच नाही, ती पूर्ण कोरी यायला पाहिजे, तर तीही २७.३ ला उठली.

इथं नीट लिहून ठेवते कारण पुढच्या बॅचमधल्या कोणाला तरी उपयोगी पडेल. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नाही म्हणजे आरएनएची नक्कल झालीच नाही, मग पीसीआरला वाढवायला काय मिळालं, तर आरएनएसोबत आलेलं जिनोमिक डीएनए. एरवी यावर सोपा उपाय असतो, प्रायमर (पीसीआर सुरू करणारा छोटा तुकडा) दोन एक्झॉनच्या (जीनमधले आरएनएत राहणारे भाग) सांध्यावर बसवायचा, मग मध्ये इंट्रॉन (कापून टाकला जाणारा भाग) असलेलं डीएनए वाढतच नाही. पण एचएसपी-७० च्या या जीनला इंट्रॉनच नाही. ऊन लागलं की पेशीला ताबडतोब हे प्रोटीन पाहिजे असतं, कापाकापी करत बसायला वेळ नाही, आणि उष्णतेच्या धक्क्यात स्प्लायसिंगच, म्हणजे ती कापाकापीच, बिघडतं, त्यामुळे बिनइंट्रॉनचं जीन असणं पेशीच्या फायद्याचंच आहे. माझ्यासाठी मात्र त्याचा अर्थ असा की डीएनए आणि सीडीएनए दोन्ही सारखेच दिसतात. जीएपीडीएच या तुलनेसाठीच्या जीनचंही तसंच काहीसं, त्याच्या इंट्रॉन नसलेल्या जुन्या प्रती जिनोममध्ये पडून असतात.

अडीच सायकलचा फरक म्हणजे साधारण साडेपाच पट, म्हणजे मी जे आरएनए म्हणून मोजत होते त्यातला जवळजवळ सहावा हिस्सा डीएनए होता. कंट्रोल लावलं नसतं तर तसंच थिसिसमध्ये गेलं असतं. मागच्या काही जुन्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नो-आरटी लावलेलंच दिसत नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

१८ फेब्रुवारी

डीएनएज (डीएनए खाणारं एन्झाइम) लावून पुन्हा केलं. नो-आरटी आता ३६ च्या पुढे. झालं.

५ मार्च

आता दुसरा भाग. प्रोलॅक्टिन रिसेप्टर, गायीच्या २० व्या क्रोमोसोमवर. कॅरिबियनमधल्या सेनेपोल गायींचे केस आखूड, चकचकीत असतात आणि त्या उन्हात कमी तापतात, त्याचं कारण २०१४ मध्ये सापडलं, या जीनच्या शेवटच्या एक्झॉनमधलं एकच अक्षर गळालेलं आहे, त्यामुळे तीन-तीन अक्षरांचं वाचन सरकतं, आणि रिसेप्टरची शेपटी कापली जाते. एक अक्षर! हेच नंतर क्रिस्परनं मांसाच्या गायींमध्ये केलं आणि २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न-औषध नियामक) धोका कमी आहे म्हणून त्या दोन जनावरांना आणि त्यांच्या पिलांना मोकळीक दिली.

मी सरांना विचारलं की गवळाऊचे केस तर आधीच आखूड आहेत, ती ४५ अंशात उभी राहते, मग तिच्यात हे करून काय मिळणार? सर म्हणाले काहीच नाही, तू डिझाइन शिकायला हे जीन घेतलं आहेस. हे उत्तर प्रामाणिक आहे पण मला बोचलं. गवळाऊला खरी अडचण दुधाची आहे, ढवळी दिवसाला अडीच लिटर देते, म्हणून तर लोक जर्सीकडे गेले. आणि दूध हे एका जीनचं काम नाही, शेकडो ठिकाणचा थोडा थोडा परिणाम असतो, तिथं एक गाइड बनवून भागत नाही. तिथं निवड पैदासच पाहिजे, चांगल्या गायींची नोंद, चांगल्या वळूचं वीर्य, पिढ्यानपिढ्या. एडिटिंग शिकताना हे विसरायला नको म्हणून इथं लिहिलं.

आज एक जुनं प्रकरणही वाचलं. अमेरिकेत एका कंपनीनं बिनशिंगी बैल केले होते, टेलन (क्रिस्परच्या आधीचं जीन कापायचं साधन) वापरून, २०१६ ला पेपर आला आणि सगळीकडे कौतुक झालं की अगदी साफ बदल आहे. २०१९ ला एफडीएच्या लोकांनी तोच जिनोम पुन्हा वाचला तर त्यात प्लाझमिडचा तुकडा शिरलेला, अँटिबायोटिक रेझिस्टन्सच्या जीनसकट. कोणी लपवलं नव्हतं, त्यांनी तो तुकडा शोधलाच नव्हता. जिथं बदल करायचा तेवढंच बघितलं.

१२ मार्च

गाइड डिझाइन. नियम तसा सोपा, २० अक्षरं निवडायची आणि त्यांच्या लगेच पुढे डीएनएवर कुठलंही एक अक्षर आणि मग जी-जी पाहिजे, त्याला पॅम म्हणतात, त्याशिवाय कॅस-९ (क्रिस्परमधलं कापणारं एन्झाइम) तिथं थांबतच नाही. पॅमच्या तीन अक्षरं अलीकडे काप बसतो. पॅमजवळची दहा-बारा अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत, लांबच्या टोकाला एखादी चूक चालून जाते.

पण ही २० अक्षरं मी कुठून घेतली? डेटाबेसमधून. आणि डेटाबेसमधली गाय कोण, तर मोंटानामधली एक हेरफोर्ड गाय, डॉमिनेट तिचं नाव, २००९ ला गायीचा पहिला जिनोम आला तो तिचाच आणि २०१८ चा सुधारलेलाही तिचाच. बिनवशिंडाची युरोपीय गाय. आपली वशिंडवाली गाय सिंधू खोऱ्याकडे वेगळी माणसाळली आणि दोन्ही वंश त्याच्याही लाखो वर्षं आधी वेगळे झालेले. मग मी ब्राह्मणचा जिनोम घेतला, २०२० मध्ये आला आहे, ब्राह्मण म्हणजे अमेरिकेत गीर, कांकरेज, ओंगोल अशा आपल्याच गायींपासून बनवलेली जात. दोन्ही शेजारी लावून बघितलं आणि जिथं दोघींमध्ये फरक दिसला त्या जागा सोडून तीन गाइड निवडल्या.

तरी ही ढवळी नाही. ढवळीचं त्या जागेचं वाचन कोणत्याच डेटाबेसमध्ये नाही. ते आपल्यालाच काढायचं आहे, आणि या प्रोजेक्टमध्ये मला सगळ्यात खरं काम हेच वाटतं.

२५ मार्च

गाइड आरएनए स्वतः बनवली, टी-७ पॉलिमरेजनं (डीएनएवरून आरएनए काढणारं एन्झाइम), ट्यूबमध्ये. दोन तास ३७ अंशाला ठेवलं की पांढुरका गढूळपणा येतो, म्हणजे आरएनए भरपूर झालं. जानेवारीत एका गोळीसाठी जीव टांगणीला लागला होता आणि इथं माझ्याच हातानं मायक्रोग्रॅमनं बनलं. फक्त आरएनएचा स्वतंत्र टँक आता सीनियर लोकही मागून नेतात आणि धुऊन परत देतात.

८ एप्रिल

उष्णतेचा प्रयोग ट्यूबमध्ये. ढवळीच्या ताज्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, अर्ध्या ३८ अंशाला आणि अर्ध्या ४२ ला, एक तास. पहिल्यांदा केलं तेव्हा चाळीसाव्या मिनिटाला लाइट गेली, वॉटर बाथ थंड होत गेला, सगळं फेकून दिलं, सँपल वाया गेल्याचं वाईट वाटलं कारण काकाजींनी पहाटे उठून जनावर धरलं होतं. आज दुसऱ्यांदा पूर्ण झालं.

३८ ला एचएसपी २६.१, संदर्भ जीन (उष्णतेनं फारसं न बदलणारं, तुलनेसाठीचं) १८.२. ४२ ला एचएसपी २१.४, संदर्भ १८.३. म्हणजे फरक ७.९ वरून ३.१ वर आला, ४.८ सायकल कमी, आणि दर सायकलला दुप्पट धरलं तर जवळपास २८ पट. एका तासात! प्रोटीनच्या घड्या उष्णतेनं सुटायला लागतात आणि एचएसपी-७० त्यांना धरून ठेवतं, गुंता होऊ देत नाही. याचा शोध फेरुच्चो रिटोसाला फळमाशीत लागला, कोणीतरी त्याच्या इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं आणि क्रोमोसोमवर नवेच फुगे दिसले, १९६२ ला त्यानं ते छापलं. ते फुगे म्हणजे जोरात आरएनए काढणाऱ्या जागा होत्या.

२२ एप्रिल

कॅस-९ ताईच्या प्रोजेक्टमधलं उरलेलं मिळालं. चार गायींचं प्रोलॅक्टिन रिसेप्टरचं ६०० अक्षरांचं पीसीआर प्रॉडक्ट, दोन नंबरची गाइड, कॅस-९, एक तास. काप बसला तर ३८० आणि २२० असे दोन तुकडे. तीन गायींत पट्टे स्वच्छ, वर फक्त पुसटसा उरलेला. चौथीत, म्हणजे वाडीतल्या मोठ्या गायीत, वरचा न कापलेला पट्टा जवळपास निम्मा तसाच उभा.

ताई म्हणाली एन्झाइम कमी पडलं असेल. पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. सिक्वेन्सिंगला पाठवायचं ठरलं.

१७ मे

परवा बातमी आली आणि तेव्हापासून डोक्यात तीच आहे. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या दवाखान्यात एका बाळाला त्याच्या एकट्यासाठी बनवलेलं जीन एडिटिंगचं औषध दिलं. सीपीएस-१ नावाच्या एन्झाइमची कमतरता, शरीरात अमोनिया साचतो. औषध म्हणजे काय, तर चरबीच्या बारीक गोळ्यांमध्ये बेस एडिटरचा (डीएनएमधलं एक अक्षर बदलणारं साधन) मेसेंजर आरएनए आणि सोबत गाइड आरएनए, दोन्ही आरएनएच. यकृतात जातात, काम करतात आणि तुटून जातात. जे तुटणं जानेवारीत मला रडवत होतं तेच इथं पाहिजे असतं, एडिटर अंगात कायमचा राहिला तर नको तिथं बदल करत बसेल.

माझ्या मावसभावाला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रतींत. आमच्या विदर्भात पुष्कळ घरांत सापडतं. त्याच्या हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं, ए च्या जागी टी. ब्रिटननं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आणि अमेरिकेनं डिसेंबरमध्ये सिकलसेलसाठी क्रिस्परच्या औषधाला परवानगी दिली, त्यात ते अक्षर दुरुस्त करत नाहीत तर बीसीएल-११ए (गर्भातलं हिमोग्लोबिन बंद ठेवणारं जीन) ला आवर घालून ते आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतात. किंमत बावीस लाख डॉलर, वर बोन मॅरो रिकामा करायला केमो. भाऊ सध्या हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिडवर आहे, पेरणीच्या दिवसांत अंगदुखीनं झोपून असतो. त्याला हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "गावात कधी भेटन?" पुण्यात तयार झालेली आपली पहिली एमआरएनए लस २०२२ ला मंजूर झाली, ती सुकवून भुकटी केलेली होती, साध्या २ ते ८ अंशाच्या फ्रीजमध्ये राहते. त्यामुळे आरएनए गावाच्या फ्रीजपर्यंत पोचू शकतं एवढं मी त्याला खात्रीनं सांगितलं.

२८ मे

नवतपा, मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. सकाळी पाचला ढवळी आणि मामाजींची जर्सी क्रॉस, दोघींचं रक्त. दुपारी तीनला पुन्हा. दुपारी सावलीत ४५ अंश. मी कडुनिंबाखाली बसून घड्याळ लावून दोघींचे श्वास मोजले, बरगडीमागची खोबण आत गेली की एक. ढवळी मिनिटाला ३८, डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. जर्सी ८४, मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, लाळेची तार जमिनीपर्यंत, आणि रवंथ बंद. मामीनं तिच्या पाठीवर ओलं पोतं टाकलं आणि पाणी मारत राहिली, सँपल झाल्यावर मीही मारलं.

या वेळी रक्त घेऊन तीन तास फिरायचं नव्हतं. आर्वीच्या एका पॅथॉलॉजी लॅबवाल्या दादानं सेंट्रिफ्यूज वापरू दिलं, पांढऱ्या पेशी तिथंच काढून तिथंच ट्रायझॉलमध्ये टाकल्या. ट्रायझॉलमध्ये फिनॉल असतं, एसटीत न्यायचं नाही, म्हणून सर स्वतः गाडी घेऊन आले होते. बर्फ रसवंतीवरून घेतला, त्यांनी भुशात गुंडाळलेली लादी फोडून अर्धी दिली आणि पैसे घेतले नाहीत.

६ जून

निकाल. ढवळीत सकाळ ते दुपार फरक ८.० वरून ६.६, म्हणजे अडीच पटीच्या थोडं वर. जर्सीत ७.७ वरून ४.९, सात पट. नो-आरटी दोन्हीकडे कोरे.

मला लगेच लिहायचं होतं की बघा गवळाऊ कमी तापते. सरांनी हात धरला. जर्सी टिनाच्या छपराखाली होती आणि ढवळी कडुनिंबाखाली. जर्सी आठ लिटर दूध देते, दुधाची उष्णता वेगळी. आणि दोन गायी म्हणजे दोन गायी, जात नाही. खरं आहे. थिसिसमध्ये तेवढंच लिहिणार, या गायीत इतकं आणि त्या गायीत इतकं, छपरासकट.

११ जून

सिक्वेन्स आला. तीन गायींत गाइडची जागा तंतोतंत. वाडीतल्या मोठ्या गायीत सिक्वेन्सच्या आलेखात पॅमपासून चौथ्या अक्षरावर दोन शिखरं एकावर एक, निळं (सी) आणि काळं (जी). म्हणजे तिच्या दोन प्रतींपैकी एकीत सी आणि दुसरीत जी असू शकतं, आणि तसं असेल तर एकच प्रत कापली जाणार, निम्मा पट्टा उभा राहणार, जेलवर दिसलं तसंच. पण त्याच्या आधीची सात-आठ अक्षरंही जरा धूसर आहेत. ताई म्हणते घाई नको, एकाच बाजूच्या वाचनावर नवं व्हेरिएशन सापडलं असं म्हणायचं नाही.

कॉम्प्युटरवर बसून हेरफोर्ड आणि ब्राह्मण दोन्ही ताडून निवडलेली गाइड होती ही.

१९ जून

त्याच गायीचं डीएनए पुन्हा काढून, पीसीआर नव्यानं करून, उलट्या बाजूच्या प्रायमरनं पाठवलं. तिच्या आईचं आणि गोऱ्ह्याचंही पाठवायला पाहिजे, गोऱ्ह्यात तेच अक्षर उतरलेलं दिसलं तर शंका उरणार नाही. गोऱ्हा मागच्या वर्षी तळेगावकडे विकला म्हणतात, काकाजींनी घेणाऱ्याचा पत्ता शोधून ठेवला आहे. फोनवर म्हणाले, "पाऊस लागला वं, आता कोनी वावरातून हालत नाई. पेरनी आटोपली का मीच नेतो तुले बंडीनं."

उणे ८० मध्ये वरून दुसरा रॅक, निळा डबा, शेवटच्या ओळीत ट्यूब १३ ते १६. ढवळीचं आरएनए दहा मायक्रोलिटर उरलं आहे, कोणी वापरू नये.